ब्रायर स्प्रिंग्जची किटली

नेपरव्हिल
१५ सप्टेंबर २०२४

ती. नीलांबरी मावशी,

वाकून नमस्कार. तू तिकडे सांता क्लारात खुर्चीत बसूनच घे, उठू नकोस. तुझे गुडघे मला माहीत आहेत.

हुकूम पाळते आहे. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतेस, त्यापेक्षा पत्र बरं. आई आणि तू जन्मभर एकमेकींना पत्रं लिहीत होतात. आता आई नाही तर तिची जागा मी चालवायची, असं तू म्हणालीस. जागेचं बघू. अक्षर मात्र तिच्यासारखं येणार नाही, आधीच सांगून ठेवते.

झोपेचं विचारलं होतंस. नाही येत. आईला जाऊन वर्ष होत आलं, तरी डोळे मिटले की तिचा शेवटच्या फोनवरचा आवाज ऐकू येतो, 'तिकीट नाही मिळालं तर राहू दे गं.' मग उठून बसते. दिवसा मीटिंगमध्ये कुणी साधं 'हाउ आर यू' म्हटलं तरी रडू येतं, म्हणून कॅमेरा बंद ठेवते. परवा राजस वैतागून म्हणाला, "यार गिरिजा, एक दिवस लॅपटॉप बंद कर आणि ट्रेननं कुठेतरी जाऊन ये. ड्राइव्ह मात्र करू नकोस. तू झोपलेली नसतेस, पण धड जागीही नसतेस."

म्हणून काल ब्रायर स्प्रिंग्जला गेले. सकाळच्या ट्रेननं पश्चिमेकडे निघायचं, संध्याकाळच्या ट्रेननं परत. गाव जुनं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकागोचे श्रीमंत लोक तिथं झऱ्याच्या पाण्यात डुंबायला आणि पोट साफ करायला जायचे. ट्रेनमधून नुसता मका दिसतो, काढणीला आलेला. मग एकदम लांबलचक व्हरांड्यांची हॉटेलं लागतात, बहुतेक बंद. एकच बाथहाउस अजून चालू आहे, पिवळ्या विटांचं. गंधकाचा वास स्टेशनपर्यंत येतो.

तिथं मिसेस टॉलिव्हर म्हणून एक बाई आहेत. वय सांगता येणार नाही. दिवसभर पाण्यात काम, पण हात कोरडे ठणठणीत. त्यांनी मला टबात बसवलं, वरून चादर टाकली आणि विचारलं, "कोण गेलं?" मी काहीच सांगितलं नव्हतं, मावशी. मी रडले आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या.

नंतर बाहेर चादरी गुंडाळून बरेच लोक बसले होते, सगळे प्रसन्न. शेजारची बाई म्हणाली, ती दरवर्षी येते, पूर्वी नवऱ्याबरोबर यायची म्हणतात. मी विचारलं, "म्हणतात?" तर हसली आणि म्हणाली, "हो, लोक म्हणतात." मला ते जरा विचित्र वाटलं. स्टेशनवर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही विचारलं, की ही वेलींनी गच्च झालेली दफनभूमी कुणाची? तो मजेत म्हणाला, "आमचीच. पण तिथं आमचं कुणी नाही."

निघताना मिसेस टॉलिव्हरनी एक पांढरी इनॅमलची किटली दिली, आपल्याकडे दुधाची असते तशी, झाकणाची. आत झऱ्याचं पाणी. झोपताना पेलाभर घ्यायचं आणि किटली सवडीनं परत करायची. काल घेतलं. चव लोखंडाच्या कढईत राहिलेल्या पाण्यासारखी. पण सकाळपर्यंत झोपले!

आईच्या मेतकुटाचं विचारलंस. फ्रीझरमध्ये आहे, तिच्या अक्षराच्या पुडीत. शेवटचीच पुडी. खाल्ली तर संपेल म्हणून खात नाही आणि रोज एकदा दार उघडून बघते. राजसला वाटतं मी बर्फ शोधते.

तुझी
गिरिजा


सांता क्लारा
२३ सप्टेंबर २०२४

गिरिजे,

आशीर्वाद नेहमीचाच, हवा तेवढा घे.

पत्र पोचलं. देवदत्तानं पेटीतून काढून आणलं आणि म्हणाला, "आई, पिझ्झाच्या कुपनांत खरं पत्र!" त्याला वाटतं मी म्यूझियममध्ये ठेवायच्या लायकीची झाले आहे.

झोपलीस हे वाचून बरं वाटलं. गंधकाच्या पाण्याचा गुण असतोच. लहानपणी आम्हा दोघींना वज्रेश्वरीच्या कुंडात बसवलं होतं. मी चटका लागतो म्हणून भोकाड पसरलं आणि तुझी आई माझ्याहून चार वर्षांनी लहान असून गळ्यापर्यंत आत. वर मलाच म्हणाली, "नीलाताई, रडलीस तर पाणी खारट होईल." अशी होती प्रतिमा. हे आठवलं की हसू येतं. मलाही झोप नाही बरं का. पण माझं वय झालं, मला चालतं.

ती टॉलिव्हरबाई मला फारशी आवडली नाही. 'कोण गेलं' असं विचारतात का कुणाला? पण दिलेली वस्तू परत करायलाच हवी. आणि एक लक्षात ठेव, किटली रिकामी परत करायची नाही. तुझ्या आईनं शेजारणीचं भांडं कधी रिकामं पाठवलं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. तू अमेरिकेत राहतेस म्हणून रीत सोडू नकोस. त्या बाईलाही कळू दे, आपण कुठल्या घरातल्या आहोत.

तुझी
नीलांबरी मावशी


नेपरव्हिल
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशी,

नमस्कार. काल पुन्हा ब्रायर स्प्रिंग्जला जाऊन आले. तुझ्या शब्दाबाहेर नाही गेले, किटली भरून दिली.

झालं असं, की सकाळी उशीर झाला. राजस गाडी सुरू करून हॉर्न वाजवतोय आणि मी स्वयंपाकघरात किटली हातात धरून उभी. साखर नेमकी संपलेली. रवा, डाळ असलं काय द्यायचं त्या बाईला? फ्रीझर उघडला आणि मेतकुटाची पुडीच हाताला लागली. ती टाकली आत आणि धावत सुटले. ट्रेनमध्ये बसल्यावर वाटलं, की हे काय केलं आपण. परत मागून घ्यायची असं ठरवलं. पण मका कापून झालेला, सगळीकडे मोकळी शेतं, बघता बघता डोळा लागला आणि उठले तेव्हा तसं काही वाटेना.

मिसेस टॉलिव्हरनी झाकण काढून वास घेतला, खूप वेळ. म्हणाल्या, "हे काय?" मी म्हटलं, "आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत." मग म्हणाल्या, "इथले सगळे रिकामं आणतात. मग काय घ्यायचं ते आम्हालाच ठरवावं लागतं. तू स्वतः निवडून आणलंस. फार छान केलंस." त्यांच्यामागे फळ्यांवर तशाच किटल्या होत्या, ओळीनं, तोंडाला फडकी बांधलेल्या. माझ्या किटलीलाही त्यांनी फडकं बांधलं आणि वर ठेवली. मला दुसरी दिली, पाण्यानं भरलेली.

आता रोज गाढ झोपते. ऑफिसात कॅमेरा चालू ठेवते. राजस म्हणतो, घरात पुन्हा माणूस आल्यासारखं वाटतं. दिवाळीची तयारी चालू आहे. चकलीच्या भाजणीचं प्रमाण कुणाकडून घ्यावं कळत नाही, यूट्यूबवरच बघते.

तू त्या वज्रेश्वरीच्या कुंडाची गोष्ट लिहिलीस. मजेशीर आहे. ती लहान मुलगी कोण, तुमची शेजारीण का?

गिरिजा


सांता क्लारा
२१ ऑक्टोबर २०२४

गिरिजे,

हे काय चालवलं आहेस? मीही थट्टा करते, पण थट्टेला जागा असते. ती मुलगी तुझी आई होती. प्रतिमा. मी नाव लिहिलं होतं पत्रात.

आणि भाजणीचं प्रमाण यूट्यूबवर? तुझ्या आईनं तू अमेरिकेला निघताना तोंडपाठ करून घेतलं होतं, मी शेजारी बसून ऐकत होते. तू वैतागून म्हणालीस, 'आई, मी एम.एस. करायला चालले आहे की भाजणी दळायला?'

मेतकूट दिलंस ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. रडले, खोटं कशाला बोलू. साखर नव्हती तर शेजारी मागायची होतीस. तुला भांडं भरून द्यायला मीच सांगितलं, त्यामुळे रागावायचं कुणावर हेही कळेना. पण त्याहून मला ती बाई काय म्हणाली त्याची भीती वाटते. 'काय घ्यायचं ते आम्हालाच ठरवावं लागतं' म्हणजे काय? इतकी वर्षं मी अमेरिकेत येते-जाते, असं कुणी बोललेलं ऐकलं नाही.

ते पाणी पिऊ नकोस. बेसिनमध्ये ओतून दे. आणि नोव्हेंबरात प्रतिमाचं वर्षश्राद्ध आहे. तिकडे देवळात भटजी मिळतात का, राजसला विचारायला सांग. मला लगेच लिही.

मावशी


नेपरव्हिल
४ नोव्हेंबर २०२४

ती. नीलांबरी काकू यांना सा. नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ करा. दिवाळी छान झाली. चकल्या जरा मऊ पडल्या, पण सगळ्यांनी संपवल्या.

तुम्ही माझ्या आईबद्दल एवढ्या मायेनं लिहिलं आहे, वाचून बरं वाटलं. खरं सांगू का, मला त्यातलं काही आठवत नाही. राजसनं फोटो दाखवला. हॉलमध्येच लावलेला आहे म्हणे, मी रोज त्यावरची धूळ पुसते. चेहरा प्रेमळ आहे. राजस विचारत होता, "गिरिजा, आर यू ओके? तू तिच्यासाठी वर्षभर रडत होतीस." मी म्हटलं, मग आता रडत नाही हे चांगलंच की. आजकाल तोच झोपत नाही. रात्री माझ्या तोंडाकडे बघत बसतो, मला ते आवडत नाही.

वर्षश्राद्धाचं तुम्ही म्हणत असाल तर करू. पण मी मंत्र म्हणताना कुणाला डोळ्यांसमोर आणायचं, ते सांगाल का?

एक विचारायचं राहिलं. तुमची आणि माझी ओळख कशी झाली? राजसला विचारलं, तर तो उठून बाहेर गेला.

आपली
गिरिजा


सांता क्लारा
९ नोव्हेंबर २०२४

गिरिजा,

मी तुझी काकू नाही. मावशी आहे. तुझ्या आईची सख्खी बहीण. तू जन्मलीस तेव्हा तुला आधी मी हातात घेतलं, कारण प्रतिमा शुद्धीवर नव्हती. तुम्ही-आम्ही करून मला लिहू नकोस, मला ते सोसत नाही.

राजसशी देवदत्ताच्या फोनवरून बोलले. तो पोरासारखा रडला. म्हणतो डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, डोकं ठणठणीत आहे. बाकी सगळं तुला आठवतं, शाळा, नोकरी, पासवर्डसुद्धा. फक्त प्रतिमा नाही.

मी दोन रात्री विचार केला. मला जे वाटतं ते सरळ लिहिते, वेडी म्हण हवं तर. ते पाणी दुःख घालवतं, पण दुःख एकटं निघत नाही, ज्याचं असतं त्याला घेऊन जातं. त्या गावात कुणाला कुणी गेलेलं आठवत नाही, म्हणून त्यांच्या थडग्यांवर वेली चढल्या आहेत. आणि तू प्रतिमाच्या हातचं त्या टॉलिव्हरबाईच्या हवाली केलंस, तेही आपण होऊन, माझ्या सांगण्यावरून. दुसऱ्यांचं थोडं थोडं जात असेल. तुझं एकदम गेलं.

मला झोप नाही, गिरिजा, आणि ती मला नकोही आहे. प्रतिमा आठवणारी आपण दोघीच उरलो होतो. तिच्या बारीकसारीक गोष्टी, ती शिंकायची कशी, चिडली की घरभर भांडी कशी घासत सुटायची, हे कुणाशी बोलायचं मी? तू गेलीस तर ती माझ्या एकटीच्या डोक्यात राहणार आणि मी किती दिवसांची? तू लेक आहेस. तुझ्याकडे ती राहिली पाहिजे, माझ्याकडे नसली तरी चालेल.

मी येते आहे. देवदत्त नको म्हणतो, गुडघे नको म्हणतात, पण विमानाचं तिकीट काढलं. आपण दोघी त्या ट्रेननं जाऊ. ती किटली धुऊन ठेव. आत काही घालू नकोस. जे घालायचं ते मी बघेन.

मावशी


नेपरव्हिल
२४ नोव्हेंबर २०२४

मावशी, माझी मावशी,

नमस्कार करायचं भान नाही. तुला विमानात बसवून आले त्या दिवसापासून लिहिते आहे आणि फाडते आहे.

मला आई आठवली. सगळी. ट्रेननं परत येतानाच सुरुवात झाली होती, घरी आल्यावर मी मऊ भात लावला, तूप घातलं, त्या पुडीतलं मेतकूट कालवलं आणि पहिल्या घासाला आईनं हाक मारल्यासारखं झालं. मी जमिनीवर बसून रडले. राजस शेजारी बसून रडत होता आणि हसत होता. झोप गेली, मावशी. पुन्हा डोळे मिटले की तिचा आवाज येतो. येऊ दे, रोज येऊ दे.

पण मला तुझ्याशी त्या दिवसाबद्दल बोलायचं आहे, कारण तू काहीच सांगितलं नाहीस.

तू मला बाथहाउसच्या बाहेर बाकावर बसवलंस. मी तेव्हा तशी आज्ञाधारक होते, ओळखीच्या एका काकूंबरोबर सहलीला आले आहे इतकंच मला वाटत होतं. दाराच्या काचेतून तुम्ही दोघी दिसत होतात. मिसेस टॉलिव्हरनी फळीवरून माझी किटली काढून टेबलावर ठेवली आणि हात तिच्यावरच ठेवला. तू काहीतरी विचारलंस. तुझं इंग्रजी मला ऐकू येत होतं, "वन फॉर वन?" त्यांनी मान डोलावली.

मग तू रिकामी किटली मांडीवर घेतलीस, झाकण काढलंस आणि तिच्यात तोंड घालून बोलायला लागलीस. मराठीतच असावं. खूप वेळ. मधे हसलीस, मधे पदरानं नाक पुसलंस, हातवारेही केलेस. आत कुणी बसलं आहे आणि त्याला तू घरचं सगळं सांगते आहेस, असं वाटत होतं. आवाज बाहेर येत नव्हता. काच होती म्हणून नाही, इंग्रजी मला ऐकू आलं होतं. चादरी गुंडाळलेले लोक तुझ्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच त्यांच्यातलं कुणी हसत नव्हतं. तुझं संपलं तेव्हा मिसेस टॉलिव्हरनी घाईनं फडकं बांधलं, उकळी फुटून वर येईल अशा भीतीनं. मग माझ्या किटलीतली मेतकुटाची पुडी काढून तुझ्या हातात दिली.

बाहेर आलीस तेव्हा मी विचारलं, "काय ठेवलंत आत?" तू म्हणालीस, "होतं ते." आणि चहा कुठे मिळेल म्हणून विचारलंस.

ट्रेनमध्ये तू झोपलीस. मावशी, तुला दिवसा झोपलेलं मी जन्मात बघितलं नाही. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. नेपरव्हिल आलं तेव्हा मला तुला हलवून उठवावं लागलं. घरी आल्यावर तू हॉलमध्ये आईच्या फोटोसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ह्या कोण गं? राजसच्या घरच्या का? चेहरा ओळखीचा वाटतो." मी स्वयंपाकघरात भात लावत होते. मला वाटलं, तू नेहमीसारखी थट्टा करते आहेस. मग घास खाल्ला आणि माझं मलाच भान राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर मी तुझ्या गळ्यात पडून 'आई आठवली, आई आठवली' म्हणत होते आणि तू माझ्या पाठीवर थोपटत होतीस, एखाद्या परक्या मुलीला थोपटावं तशी.

आता मला भीती वाटते आहे. मावशी, एवढंच लिही, की ती थट्टा होती. वज्रेश्वरीच्या कुंडात बसल्यावर आई तुला काय म्हणाली होती? तेवढं एक वाक्य लिहून पाठव.

तुझीच
गिरिजा


सांता क्लारा
२ डिसेंबर २०२४

गिरिजा,

आशीर्वाद. तुझं लांबलचक पत्र पोचलं. मी देवदत्ताला दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा वाचताना तो उठून बाल्कनीत गेला. त्याला हल्ली काय झालं आहे कळत नाही, माझ्याशी बोलताना सारखा डोळे पुसतो.

मी अगदी मजेत आहे. प्रवासाचा शीण गेला. झोप तर अशी लागते, की सकाळी देवदत्तालाच उठवावं लागतं. गुडघे तेवढे आहेत तसेच.

तू कुंडाचं विचारलंस. वज्रेश्वरीला लहानपणी गेल्याचं मला पक्कं आठवतं. गंधकाचा वास, पायऱ्यांवरचं शेवाळ, मी चटका लागतो म्हणून रडत होते. पण माझ्याबरोबर कुणी होतं असं नाही आठवत. मी एकटीच होते पाण्यात.

देवदत्त म्हणतो, तू माझी भाची. मी त्याला म्हटलं, भाची म्हणजे भावाची किंवा बहिणीची लेक. भाऊ मला नव्हता. म्हणजे बहीण असणार, हिशेब तर तसाच होतो. पण हिशेबानं बहीण कशी कळणार? कपाटात पत्रांचा गठ्ठा सापडला आहे, 'प्रिय नीलाताई' अशी सुरुवात असलेला. अक्षर सुरेख आहे. एक-दोन वाचली, पण दुसऱ्याची पत्रं वाचल्यासारखं वाटलं, म्हणून परत बांधून ठेवली. तुझी असतील तर पाठवून देते.

तू रडू नकोस असं मी म्हणणार होते, पण का कोण जाणे, म्हणवत नाही. रड हवी तेवढी. जिच्यासाठी एवढं रडू येतं ती बाई चांगलीच असणार. तू मला पत्र लिहितेसच, तर दर वेळी तिचं थोडं थोडं लिहीत जा. ती शिंकायची कशी, चिडली की काय करायची, असलं बारीकसारीक. मला ऐकायला आवडेल.

तुझी
नीलांबरी मावशी
(देवदत्तानं सांगितलं, अशीच सही करायची.)